बापूंची चाल

सप्ताहाच्या फळ्यावर पहाऱ्यांची यादी मी लिहितो. आमच्या घाटनांदूरच्या देवळात सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून निघते आणि दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तासातासाला माणूस बदलतो, नाम बदलत नाही. देताघेताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय बघायचं नसतं, मान बघायचा नसतो, भांडणही बघायचं नसतं. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ पहाऱ्याला एकमेकांच्या पायाला हात लावताना मी पाहिलेत.

यंदा चौथ्या दिवशी दुपारी बारा ते एक मी माझं नाव लिहिलं आणि एक ते दोन उत्तरेश्वरचं. मुद्दाम लिहिलं. उत्तरेश्वर आणि अभिमन्यू या दोन मित्रांची पाच वर्षांपूर्वी फाटाफूट झाली, त्यांचा बँड मोडला, ते माझ्या हातून झालं होतं. उत्तरेश्वरला हे ठाऊक नव्हतं. न सांगता त्याचं डोकं पुन्हा माझ्या पायाशी येऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

मी राधाकिशन. माझी ‘माउली साउंड सर्व्हिस’ आहे. लग्न, सभा, उद्घाटन सगळं करतो, पण खरं सांगायचं तर कीर्तन ऐकायला मिळतं म्हणून हा धंदा धरला. बुवा अभंग लावतात, मागचे टाळकरी चाल उचलतात, पखवाज भरून येतो आणि मांडवातली हजार माणसं एका श्वासाची होतात. त्या वेळी मी मिक्सरवरचा हात काढून मांडीवर ठेवतो. तिथं माझं काम नसतं.

आमच्या गावचा पखवाज म्हणजे शहादेवबापू, उत्तरेश्वरचे वडील. सहा महिने ऊसतोडीला, सहा महिने गावात. गावात असले की त्यांच्याविना कीर्तन उभं राहत नसे. तोडीवरून येताना ते दरवर्षी एखादी नवी चाल घेऊन यायचे. “बापू, ही कुणाकडची?” असं विचारलं की म्हणायचे, “फडातली.” त्यातली एक चाल सगळ्यांना माहीत होती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना माणूस मधेच एकदा थांबतो, पाय रोवतो, मग पुढचं पाऊल टाकतो. बापूंच्या चालीत नेमका तेवढा थांबा होता. ऐकणाऱ्याचाही दम तिथं अडकायचा.

उत्तरेश्वर बापूंच्या मांडीला मांडी लावून पखवाज शिकला. अभिमन्यू परळीचा, पण त्याचं आजोळ आमच्या गावात. सुट्टीला आला की टाळ घेऊन बुवांच्या मागं उभा राहायचा. गळा असा की बुवा स्वतः थांबायचे आणि पुढचं कडवं त्याला द्यायचे. दोघं पोरं माझ्या डोळ्यांदेखत वाढली. दोन हजार चौदाला अभिमन्यू इलेक्ट्रिक गिटार घेऊन माझ्या गोदामात आला. बरोबर त्याच्या अंबाजोगाईच्या कॉलेजातली सत्यशीला होती. तिच्या पाठीवर तिच्याहून उंच बेस गिटार.

“काका, बँड काढलाय. जागा पायजे.”

“बँड? मग टोप्या शिवल्या का?”

“त्यो बँड न्हाई ओ! रॉक. अल्टरनेटिव्ह रॉक.”

“म्हंजे?”

अभिमन्यूनं डोकं खाजवलं. “म्हंजे... लग्नात वाजत न्हाई ते.”

“मग खाता काय?” मी म्हटलं. सत्यशीला एवढी हसली की तिला स्पीकरच्या खोक्यावर बसावं लागलं.

बँडचं नाव त्यांनी ‘राखतळं’ ठेवलं. परळीत थर्मलची राख जिथं साठते त्या तळ्यावरून. उत्तरेश्वरनं ड्रम धरले, पण हात पखवाजाचाच राहिला. माझे जुने भोंगे, जे मी भंगारात घालणार होतो, ते अभिमन्यूनं मागून घेतले आणि गिटार त्यातून वाजवली. आवाज असा फाटका, घोगरा यायचा की शेजारची म्हैस दावं तोडायची. पण ऐकता ऐकता त्यात मला काहीतरी सापडायला लागलं. अभिमन्यू एकच ओळ धरून पुन्हा पुन्हा म्हणायचा, प्रत्येक वेळी थोडी वर नेऊन. बुवासुद्धा ध्रुपद असंच घोळवतात. मी त्याला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, “मग काय काका, शिकलो कुठं? तितंच की.”

बँडचं नशीब मात्र कधी सरळ चाललं नाही. परळीत गणपतीपुढं वाजवायला गेले, तर पोरांनी डीजेचं गाणं मागितलं. हे ऐकेनात म्हणून कुणीतरी जनरेटरच बंद केला. अंधारात उत्तरेश्वर एकटा वाजवत राहिला, दहा मिनिटं, आणि पोरं गप झाली. हनुमान नावाचा त्यांचा दुसरा गिटारवाला दोनदा भांडून गेला, दोनदा परत आला, तिसऱ्यांदा गेला तो सुरतेला नोकरीला. सत्यशीलाच्या भावानं तिची गिटार विहिरीत टाकली. ती नवी आणेपर्यंत तिनं तीन कार्यक्रमांत बेसचे सूर तोंडानं काढले. आणि हे सगळं चालू असताना गाणी मात्र चांगली होत गेली. दुःखाची गाणी होती, पण रडकी नव्हती.

दोन हजार अठराला ‘मोळी’ झालं. शब्द अभिमन्यूचे. चाल बापूंची. त्या पोरांनी लपवलं नाही, बापूंसमोर बसून त्यांनी ते बसवलं. बापू खाटेवरून पायानं ताल धरून सांगायचे, “आरं तितं घाई करू नको. फळीवर हायेस तू. पडशील.” पुण्याच्या एका कंपनीनं रेकॉर्डिंगला बोलावलं. भोंगे न्यायचे म्हणून मी टेम्पो घेऊन गेलो. तिथला साउंडवाला पोरगा त्या थांब्याला म्हणाला की ड्रमर चुकतोय, मशीनवर सरळ करून घेतो. उत्तरेश्वर काठ्या ठेवून उठला. म्हणाला, “सरळ केलं तर मी घरी जातो.” तो थांबा राहिला.

संध्याकाळी पोरं चहाला खाली गेली होती. कंपनीची बाई फॉर्म घेऊन आली. अक्षर बरं आहे म्हणून मी भरायला घेतला. गायक, अभिमन्यू. शब्द, अभिमन्यू. पुढं होतं, संगीत. मी थांबलो. कीर्तनात चालीला मालक नसतो. बुवा ज्या चालीत आज म्हणतात ती आज त्यांची, उद्या दुसऱ्या बुवांची. कानातून कानात जाते, तिचं नाव कुणी विचारत नाही आणि लिहून तर कुणीच ठेवत नाही. देवाची वस्तू म्हणून मी तिथंही अभिमन्यू लिहिलं. कारण गाणार तोच होता. अभिमन्यू आधी वर आला तेव्हा मी शेवटची ओळ भरत होतो; मग बाकीचे आले आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही.

‘मोळी’ फोनाफोनांतून गेलं. तोडीवर पाचटाच्या कोप्यांत वाजलं, पुण्यामुंबईच्या पोरांनी उचललं. बापूंनी ते उत्तरेश्वरच्या फोनवर ऐकलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “खाली काय लिव्हलंय? नाव कुणाचं हाय?” उत्तरेश्वरनं वाचलं. वाचून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय वाचलं. बापू म्हणाले, “बरं. चाल तर गेली लोकात. पुन्यांदा लाव.” हे मला नंतर उत्तरेश्वरच्या आईनं, कौशल्याबाईंनी सांगितलं. बापूंनी मनाला लावून घेतलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पोरानं मात्र घेतलं. अडीच महिन्यांनी बापू गेले, आणि मग ते त्याच्या मनातून निघायचं कारणच उरलं नाही.

पुढच्याच महिन्यात आष्टीला कार्यक्रम होता. ‘मोळी’च्या मध्यावर, त्या थांब्याच्या जागी, उत्तरेश्वर थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. माइक चालू होते. साऱ्या मैदानाला ऐकू गेलं.

“माझ्या बापाची चाल चोरलीस बे तू.”

अभिमन्यूनं वळून पाहिलं. आधी उत्तरेश्वरकडं, मग लांब मिक्सरपाशी बसलेल्या माझ्याकडं. मला वाटलं, आता सांगेल. तो काहीच बोलला नाही. उत्तरेश्वरनं त्याच्या थोबाडीत मारली आणि तो स्टेजवरून उतरला. लोकांनी खुर्च्या फेकल्या. राखतळं त्या दिवशी संपलं.

मी रात्रभर टेम्पोत बसून राहिलो आणि सकाळी अभिमन्यूला म्हणालो, “मी सांगतो त्याला.” तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या काका. तुमचं त्यांच्या घरात बसणं-उठणं हाय. बापू गेले, आता त्याला घरातलं असं तुमीच हायेत. माझं काय, मी दुसरं गाणं करीन.” मी ऐकलं. मला ऐकायचंच होतं. गाव मला माउली म्हणतं, कौशल्याबाई भाऊ म्हणतात. हे सगळं हातातून जाईल याची भीती वाटली. तिला मी पोराच्या मोठ्या मनाचं नाव दिलं आणि पाच वर्षं गप्प बसलो. या पाच वर्षांत कीर्तनात सत्याचं निरूपण निघालं की मी वायर बघायच्या निमित्तानं मांडवाबाहेर जायचो.

यंदा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सत्यशीला आली. ती आता पुण्यात शिकवते. पंगत झाल्यावर माझ्यापाशी बसली. गोदामात हसायची तशी हसली नाही.

“काका, अभ्यानं पाच वर्षांत एक ओळ म्हणली न्हाई. परळीला स्टेशनापाशी मोबाइलचं दुकान टाकलंय. मी गेलते. गाणं म्हण म्हणलं, तर मला कव्हर दाखवाया लागला. हे बघ, पारदर्शक हाय, हे बघ, चुंबकाचं हाय.”

मी वायरीची गुंडाळी करायला घेतली.

“कंपनीला मी विचारलं, चालीचं नाव बदलता येतंय का. त्ये म्हणले, येतंय. ज्यानं फॉर्म भरला त्यानं चूक झाली म्हणून लिहून द्यावं. अभ्याला विचारलं, कुणी भरला? म्हणला, आठवत न्हाई.” तिनं फोन पुढं केला. त्यावर त्या फॉर्मचा फोटो होता. मग तिनं देवळाच्या फळ्याकडं पाहिलं, जिथं मी सकाळीच सात दिवसांची नावं लिहिली होती. “अक्षर तुमचं हाय, काका.”

“हाय.”

“उत्त्याला ठाऊक हाय?”

“न्हाई.”

ती उठली. “मग मी सांगणार न्हाई,” एवढंच म्हणाली. मी फळ्याकडं गेलो, चौथ्या दिवसाची दोन नावं पुसली आणि आमची दोघांची लिहिली.

चौथ्या दिवशी बाराला मी वीणा गळ्यात घेतली. दुपारची वेळ. मांडवात सहा-सात म्हातारी माणसं, दोन बायका तांदूळ निवडत बसलेल्या. रामकृष्णहरी म्हणत मी उभा होतो आणि नामात मन लागत नव्हतं. नाम घेताना मन दुसरीकडं असलं तरी नाम आपलं काम करतं, असं बुवा सांगतात. त्याच्यावर भरवसा ठेवला.

एकला पाच मिनिटं असताना उत्तरेश्वर आला. पाय धुतलेले, कपाळाला बुक्का. आता तो घाटनांदूरच्या बाजारात आडतीवर काम करतो आणि सप्ताहात बापूंच्या जागी पखवाजाला बसतो. ड्रम त्यानं विकले. तो पुढं आला आणि पाया पडायला वाकला.

“थांब,” मी मागं सरकलो. “आधी ऐक.”

“काय झालं काका? पाय दुखत्यात का?”

“पुण्याचा फॉर्म मी भरला होता. चालीपुढं अभिमन्यूचं नाव मी लिहिलं. त्यानं न्हाई. त्याला पत्ताबी नव्हता. आष्टीला त्यानं तुला सांगितलं न्हाई ते माझ्यासाठी.”

तो अर्धा वाकलेला होता, तसाच राहिला. मग सावकाश सरळ झाला. वीणा माझ्या गळ्यात होती, बोटं आपोआप तार छेडत होती. तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“कावून?” त्यानं विचारलं.

“चालीला कुणाचं नाव असतं, हे माझ्या डोक्यातच न्हाई आलं बाबा. बापूंचं तर मुळीच न्हाई. बापूंच्या चाली म्हंजे आपल्याच. घरातल्या पाण्यासारख्या.”

“त्ये न्हाई विचारलं. पाच वरीस कावून सांगितलं न्हाई?”

याचं उत्तर माझ्याकडं एकच होतं. “भ्यालो,” मी म्हटलं.

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एकच्या पुढं गेलं. वीणा घेणारा आला नाही तर देणाऱ्यानं उभं राहायचं, असा नेम आहे. मी उभा राहिलो. उत्तरेश्वरही उभा राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, तो निघून जाईल आणि मी संध्याकाळपर्यंत असाच उभा राहीन, आणि ते योग्यच होईल.

तो गेला नाही. त्यानं हात पुढं करून वीणा माझ्या गळ्यातून काढली, आपल्या गळ्यात घातली आणि नाम उचललं. पाया पडला नाही. सप्ताहाच्या एकवीस वर्षांत आमच्या देवळात असं पहिल्यांदा झालं. एक म्हातारा चुकचुकला. मी वाकलो, कारण वीणेकऱ्याच्या पाया पडायचंच असतं. तो पाऊल मागं घेईल असं वाटलं होतं. त्यानं घेतलं नाही. माझं कपाळ त्याच्या पायाला लागलं, आणि डोक्यावर त्याचा हात आला नाही.

तासभर तो नाम म्हणत होता आणि मी खांबाला टेकून टाळ धरत होतो. दोनला पुढच्या पहाऱ्याचा धर्मराज आला, त्यानं रीतीप्रमाणं वीणा घेतली. उत्तरेश्वर चपला घालून थेट माझ्याकडं आला.

“टेम्पो हाय ना? काढा.”

“कुठं जायचं?”

“परळीला.”

पाऊण तासाच्या वाटेत तो एकदाच बोलला. कंपनीला द्यायचा कागद मी सत्यशीलाकडून मसुदा घेऊन आदल्या रात्री लिहिला होता, तो खिशातून काढून त्याला दिला. त्यावर मी लिहिलं होतं की चाल शहादेवबापूंची आहे, फॉर्म भरताना चूक माझी झाली. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि परत माझ्याच खिशात कोंबला.

“हे मला कावून दाखवता? कंपनीला द्या. आईला वाचून दाखवा.” मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “तुमचं एक ऱ्हाऊ द्या, तुमी भ्यालात. पर त्यानं? मी त्याला साऱ्या जिल्ह्यात चोर म्हणत फिरलो, आन् त्यो गप? त्याला वाटलं, ह्याला खरं सोसायचं न्हाई? इतका हलका समजला का मला त्यो?”

हे मला कधी सुचलं नव्हतं. अभिमन्यूचं गप्प राहणं मी पाच वर्षं पुण्य समजत होतो. दुसऱ्या बाजूनं ते एवढं झोंबत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

स्टेशनापाशी अभिमन्यूचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. तो काउंटरमागं कुणाच्या तरी फोनला काच लावत होता. केस मागं हटलेत, चष्मा लागलाय. आम्हाला बघून त्यानं आधी काच नीट बसवली, गिऱ्हाइकाला फोन दिला, मग उठला. माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं.

“सांगितलं का काका?”

“सांगितलं.”

“कावून सांगितलं? मी सांभाळलं होतं की.”

“काय सांभाळलं होतंस बे?” उत्तरेश्वर पुढं झाला. “मला? मी काय लेकरू हाय? तू म्हणला असतास, उत्त्या, काकानं घोळ घातला, तर मी दोन दिस रागावलो असतो. काकाला शिव्या दिल्या असत्या. झालं असतं! तू माझा बँड खाल्लास.”

“तू मारलंस मला. दोन हजार माणसांपुढं.”

“मग परत मारायचं हुतंस! गप कावून बसलास?”

“तुझा बाप नुकताच गेलता रे!” अभिमन्यूचा आवाज चढला. पाच वर्षांनी चढलेला तो आवाज फाटला, पण खालून वर गेला तेव्हा मी ओळखला. शेजारचा पानवाला वाकून बघायला लागला. “आन् मला वाटलं, आपण दुसरं गाणं करू. तू ईशील. धा वेळा गाणं लिव्हलं. तू आलाच न्हाईस. तुझ्याबिगर ते उभंच राहीना.”

“फोन करायचा हुता.”

“उचलला असतास?”

उत्तरेश्वर खरं बोलला. “न्हाई.”

मी मधे पडायला गेलो. म्हटलं, “पोरांनो, चूक माझी हाय, माझ्यावर काढा.”

दोघंही एकदम माझ्याकडं वळले. अभिमन्यूनं एक स्टूल ओढून उत्तरेश्वरपुढं सरकवलं. माझ्यापुढं नाही. उत्तरेश्वर लगेच बसला नाही. गाळ्याच्या तोंडाशी मी उभा होतो, तिथं आला.

“तुमी जावा काका. सांजच्याला हरिपाठ हाय, माइक कोण लावणार?”

“आन् तू?”

“माझा पखवाज सटवाला द्या आजच्या दिवस. त्याला येतंय.” आत अभिमन्यूनं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. उत्तरेश्वरनं वाकून आत जाता जाता म्हटलं, “आमचं अजून व्हायचंय.”

शटरमागं आवाज पुन्हा चढले. भांडणाचे होते. मी टेम्पो सुरू केला आणि खिशातला कागद चाचपून घाटनांदूरच्या वाटेला लागलो. हरिपाठाआधी कौशल्याबाईंना तो वाचून दाखवायचा होता.